प्लास्टिक मॉडेलचे जोड पुन्हा पुन्हा सुटतात? आणखी सिमेंट लावण्याआधी हे तपासा

लक्षणं

विमान, रणगाडा, मोटार अशा किटचे सुटे भाग ज्याने जोडतात ते प्लास्टिक सिमेंट, इथे सिमेंट म्हणजे तेच. जोड कसा सुटला यावरून तो का सुटला हे बहुतेक वेळा कळतं. म्हणून निघालेला तुकडा आधी उजेडात धरा आणि नीट बघा.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार असा: पंख, चाकाचा दांडा किंवा रणगाड्याची नळी टक्कन निघते आणि दोन्ही बाजू पूर्वीसारख्याच गुळगुळीत असतात. सिमेंट लावल्याची खूण नसते. असलीच तर नखाने निघणारा पारदर्शक पापुद्रा असतो. अशा जोडात प्लास्टिक विरघळलेलंच नसतं.

दुसऱ्या प्रकारात जोड पहिल्या दिवशी पक्का वाटतो आणि काही दिवसांनी विमानाच्या पाठीवरची किंवा पोटाखालची शिवण मधोमध उघडते. दोन्ही टोकं धरलेली असतात, मधे केसाएवढी फट. हा ताणाचा दोष.

तिसरा प्रकार, जोड वाळतच नाही. दोन दिवसांनीही भाग रबरासारखा हलतो आणि नाकाजवळ नेलं की वास येतो. म्हणजे सिमेंट जास्त झालंय.

चौथ्यात जोड पक्का असतो, पण शेजारच्या पृष्ठभागावर अंगठ्याचा ठसा उमटलेला असतो आणि बारीक रिव्हेट पुसून गेलेले असतात. पाचव्यात कॉकपिटची काच दुधाळ होते.

दर रविवारी पार्ल्यात आमच्या टेबलाभोवती मॉडेल बांधायला मुलं जमतात, काही मोठी माणसंही येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हापासून बहुतेकांना तेच विमान बांधायचं असतं. "काकू, पंख परत निघाला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की तुकडा हातात यायच्या आत मी पहिला प्रश्न विचारते: सिमेंट किती लावलंस? उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, "भरपूर लावलं."

सिमेंट नेमकं काय करतं

पुढची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे, म्हणून हे आधी. प्लास्टिक सिमेंट हा डिंक नाही. डिंक दोन वस्तूंच्या मधे बसतो आणि दोघांना धरून ठेवतो. सिमेंटमध्ये असतं द्रावक. ते दोन्ही कडांचा पातळ थर विरघळवतं, ते मऊ थर एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेलं की तिथे एकच सलग प्लास्टिक उरतं. नीट झालेला जोड जोर लावून तोडला तर पुष्कळदा शेजारचं प्लास्टिक आधी तुटतं.

मुलांना हे पटवायला मी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घेते आणि त्यावर पातळ सिमेंटचा थेंब टाकते. डोळ्यांदेखत खड्डा पडतो. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, आणि बहुतेक किटचं प्लास्टिकही पॉलिस्टायरीनच. महाराष्ट्रात २०१८ साली बंदी येण्याआधी गणपतीची मखरं थर्माकोलची असत, तेव्हा ती फेविकॉलने जोडत त्याचं कारणही हेच. याच कारणासाठी सिमेंटची बाटली सांडू नये म्हणून थर्माकोलच्या ठोकळ्यात खोचून ठेवू नका. लाकडी ठोकळा घ्या.

तर जोड धरायला दोनच गोष्टी लागतात. द्रावक उघड्या प्लास्टिकपर्यंत पोचलं पाहिजे आणि दोन्ही कडा एकमेकींना खरोखर टेकल्या पाहिजेत. यातलं एक जरी नसेल तर अख्खी बाटली ओतूनही उपयोग नाही.

१. काहीही करण्याआधी थांबा

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त जण हीच टाळतात. पातळ सिमेंट अर्ध्या मिनिटात पकड घेतं. त्यामुळे काम झालं असं वाटतं, पण आतलं द्रावक अजून उडालेलं नसतं. पूर्ण ताकद यायला चोवीस तास धरा. पंखाच्या मुळासारखा जाड जोड असेल तर दोन-तीन दिवस. ओळखायचं कसं? नाकाने. जोडाला वास येतोय तोवर तो कच्चा आहे. त्याला वाकवून बघू नका, घासू नका, रंग तर नकोच. वरून रंग बसला की आत अडकलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाटच राहत नाही. मग रंगाखालची शिवण हळूहळू खोल बसते आणि तुम्ही घासून सपाट केलेली रेघ महिन्याभराने पुन्हा दिसायला लागते.

तिसऱ्या लक्षणावर, म्हणजे रबरासारख्या जोडावर, एवढाच इलाज आहे. टेपने बांधा, उघड्यावर ठेवा आणि हात लावू नका.

२. हातातली बाटली वाचा

स्टेशनरीच्या दुकानात "मॉडेलसाठी गोंद द्या" म्हटलं तर हातात फेविक्विक किंवा फेविबाँड पडण्याची शक्यता मोठी. दोन्ही आपापल्या जागी चांगले, पण त्यांनी पॉलिस्टायरीनचा असा सलग जोड होत नाही. फेविक्विक हे सायनोअॅक्रिलेट आहे. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, मुंबईत तर क्षणात. पण त्याचा थर काचेसारखा ठिसूळ असतो. सरळ ओढलं तर धरतं, आडवा धक्का बसला की टक्कन सुटतं. शिवाय घट्ट होताना त्याची वाफ जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बसते. पाचव्या लक्षणातली दुधाळ काच बहुधा यामुळेच होते. काचेला साधा पांढरा फेविकॉल लावा, टूथपिकच्या टोकाने, अगदी थोडा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि काचेला इजा करत नाही.

फेविक्विकने जोडलेला भाग सोडवायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात बहुधा अॅसिटोन असतं. ते फेविक्विक सोडवेल खरं, पण त्याआधी तुमचं मॉडेल विरघळवेल.

सिमेंटचे मुख्य दोन प्रकार. पाण्यासारखं पातळ, जसं हिरव्या झाकणाचं टॅमिया एक्स्ट्रा थिन, ज्यात अॅसिटोन आणि ब्युटिल अॅसिटेट असतं. आणि जाडसर, ज्यात द्रावकाबरोबर थोडं प्लास्टिक आधीच विरघळवलेलं असतं, त्यामुळे ते सावकाश वाळतं. नवशिक्याने एकच घ्यायचं असेल तर मी पातळ घ्यायला सांगते. ट्यूबमधला तार सुटणारा गोंद पहिल्या किटसाठी अजिबात घेऊ नका, तो कधीच हवा तेवढा येत नाही.

३. प्लास्टिक कोणतं आहे?

सुटे भाग ज्या चौकटीत अडकलेले असतात तिला रनर म्हणतात. त्यावर बारीक उठावदार अक्षरं शोधा. पीएस असेल तर पॉलिस्टायरीन, सिमेंट चालेल. एबीएस (हे दुसरं, जास्त चिवट प्लास्टिक) असेल तरी पातळ सिमेंट चालतं, फक्त वाळायला जास्त वेळ द्या आणि दाबून बसवलेल्या घट्ट सांध्यांवर लावू नका. ताणलेल्या एबीएसला द्रावकाने तडे जातात. पीई म्हणजे पॉलिथिलीन. जपानी रोबोंच्या सांध्यातल्या मऊ करड्या टोप्या त्याच्या असतात. त्यांना कुठलंच सिमेंट धरत नाही आणि त्या चिकटवायच्याही नसतात, फक्त बसवायच्या असतात. रणगाड्यांचे रबरासारखे पट्टे, रेझिनचे भाग, पितळी पत्र्याचे बारीक भाग यांनाही सिमेंट लागू नाही. तिथे फेविक्विक किंवा दोन ट्यूबचा इपॉक्सी वापरा.

अक्षरं नसतील तर रनरच्याच तुकड्यावर थेंब ठेवा, दहा-पंधरा सेकंदांनी टूथपिक टेकवा. चिकट तार निघाली तर प्लास्टिक बरोबर आहे. थेंब पाण्यासारखा बसून उडून गेला तर इथे सिमेंट कामाचं नाही आणि पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका.

४. पृष्ठभाग उघडा आहे का?

"गुळगुळीत सुटतो" या पहिल्या लक्षणाचं सगळ्यात मोठं कारण इथे सापडतं. रंग आधी मारला, जोड नंतर केला, की सिमेंट रंगालाच विरघळवत बसतं आणि खालच्या प्लास्टिकपर्यंत जात नाही. बाहेरून रंग मारा, हरकत नाही, पण जोडाच्या कडांवरचा रंग ब्लेड आडवी धरून खरवडून काढा. मोटारींच्या किटमधले चंदेरी मुलामा दिलेले बंपर आणि चाकं यांचंही तसंच. मुलाम्याचा थर जोडापुरता खरवडावाच लागतो.

नवीन किटवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या तेलाचा अंश असू शकतो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना टूथब्रश, मग पंख्याखाली पूर्ण वाळवणं, एवढंच काम. चाळणीत धुवा, नाहीतर बारीक भाग मोरीतून जातील. हातांचंही लक्ष ठेवा. केसांना तेल लावून आलेलं मूल किंवा वडापाव खाऊन बसलेला मोठा माणूस, दोघांनाही मी आधी हात धुवायला पाठवते.

५. सिमेंटशिवाय जोडून बघा

दोन भाग कोरडेच एकत्र धरा आणि खिडकीच्या उजेडासमोर न्या. फटीतून उजेड दिसतो? मग कडा टेकत नाहीयेत. कारण बहुधा किरकोळ असतं: रनरमधून कापताना राहिलेला उंचवटा, साच्याच्या रेघेची कड, किंवा खुंटी भोकात पूर्ण न जाणं. चारशे नंबरचा पॉलिशपेपर सपाट फरशीवर ठेवा आणि भाग त्यावर फिरवा. कागद हातात धरून घासलं तर कड गोल होते. खुंटी आडवी येत असेल तर निम्मी कापून टाका, ती फक्त जागा दाखवायला असते.

बोटांनी जोरात दाबल्यावरच फट मिटत असेल तर तिथे ताण आहे. सिमेंटने तो ताण जात नाही, फक्त कोंडला जातो आणि काही दिवसांनी मधोमध शिवण उघडते. दुसरं लक्षण ते हेच. पंख किंवा विमानाचा अर्धा सांगाडा वाकलेला असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवा, हळूच सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात घाला. पाणी हाताला चटका देण्याइतकं गरम पुरे, म्हणून भाग चिमट्याने धरा. उकळतं पाणी नको. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पातळ भाग आकारच सोडतो.

मिग-२१ सारख्या तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या विमानात कधी कधी नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर शेपूट टेकते. हे वजनही शिवण फोडू शकतं. मासेमारीच्या गळाची शिशाची गोळी फेविकॉलने चिकटवली तर काळाने शिशावर पांढरा क्षार चढतो, तो फुगतो आणि नाक आतून उकलतं. लोखंडी नट घ्या आणि एम-सीलने पक्के करा.

६. लावण्याची पद्धत

पातळ सिमेंट भागावर फासून मग दोन भाग जुळवायचे नसतात. दोन्ही भाग आधी कोरडेच जुळवा, टेपने ठिकठिकाणी बांधा आणि मग ओल्या ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवा. केशाकर्षणाने सिमेंट आपोआप फटीत धावतं. ब्रश ओढायची गरज नाही. बोटभर अंतर सोडून पुन्हा टेकवा. सेकंदभर थांबून दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. शिवणीतून मऊ प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर आली की समजा आतवर काम झालं. ती रेघ पुसू नका. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पॉलिशपेपरने घासा, शिवण दिसेनाशी होते.

सिमेंट जसं फटीत धावतं तसंच तुमच्या बोटाखालीही धावतं. चौथ्या लक्षणातला अंगठ्याचा ठसा तिथूनच येतो. बोटं शिवणीपासून लांब ठेवा. टेपची कडही शिवणीला समांतर चिकटवू नका, तिच्याखाली सिमेंट शिरतं. टेप शिवणीवर आडवी जाते तिथे ब्रश टेकवू नका. बाकीची शिवण धरली की टेप काढा आणि राहिलेली जागा भरा. ठसा पडलाच तर लगेच पुसू नका, मऊ प्लास्टिक आणखी पसरतं. पूर्ण वाळू द्या, मग घासा. खाली वर्तमानपत्रही नको, ओल्या सिमेंटला छापील अक्षरं चिकटतात. बाथरूमच्या कामातून उरलेली फरशी सगळ्यात उत्तम.

आता आपल्या हवेबद्दल. पंखा पाचवर असेल तर पातळ सिमेंट ब्रशवरच उडतं आणि जोडाला पोचतो तो सुका ब्रश. लावताना पंखा एक-दोनवर आणा, झाल्यावर वाढवा. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की भराभर उडणाऱ्या द्रावकाने पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल धरते आणि कड पांढुरकी दिसते. जाडसर, सावकाश उडणारं सिमेंट असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ते वापरा.

पावसाळ्याची खरी अडचण वेगळी आहे. खिडक्या बंद, एसी चालू आणि दहा बाय बाराच्या खोलीत उघडी बाटली. घरातला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, वाफ बाहेर जात नाही. एका बाजूची खिडकी आणि समोरचं दार उघडं ठेवा. पाऊस आत येत असेल तर त्या दिवशी फक्त कापणं-घासणं करा. सिमेंट ज्वलनशील आहे, म्हणून देवघरातली समई, उदबत्ती, मच्छरची कॉइल आणि गॅस यांपासून लांब बसा. नाकावर एन-९५ मास्क लावला तर घासतानाची धूळ अडते, वाफ अडत नाही. लहान मुलांच्या हातात बाटली एकट्याने देऊ नये आणि काम झाल्यावर ती कुलपात जावी. याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

७. बाटली म्हातारी झालीय का?

झाकण नीट न लावल्याने जाडसर सिमेंट मधासारखं झालं असेल तर त्यातलं द्रावक उडालेलं असतं. ते पृष्ठभागावर बसतं, आत शिरत नाही. त्याच कंपनीचं पातळ सिमेंट थोडं थोडं घालून सैल करता येतं. सुईच्या बाटलीची नळी तुंबली तर आत बारीक तार घालून मोकळी करा. लायटरने तापवायची युक्ती सर्रास सांगितली जाते. बाटली जवळ असताना ते करणं धोक्याचं आहे, मी करू देत नाही.

८. जोड उघडून पुन्हा करणं

वरचं सगळं बरोबर असूनही जोड धरत नसेल तरच इथे या. अर्धवट धरलेल्या शिवणीवर पातळ सिमेंट फिरवा, थोडं थांबा आणि ब्लेडची पाठ हळूच सरकवत उघडा. जोर लावला की शेजारचं प्लास्टिक फाटतं. जुना थर सपाट घासा, मग पाचव्या तपासणीपासून पुन्हा सुरू करा.

फट कायमचीच असेल तर रनरचे बारीक तुकडे पातळ सिमेंटच्या संपत आलेल्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवा. तयार होणारी लापशी फटीत भरली की ती मॉडेलच्याच प्लास्टिकची असते. वाळताना ती आक्रसते, म्हणून थोडी उंच भरा आणि निदान दोन दिवस द्या.

चाकांचे दांडे, हेलिकॉप्टरच्या पंख्याचा खांब असे वजन पेलणारे जोड नुसत्या सिमेंटवर पुन्हा पुन्हा तुटत असतील तर आत तार घाला. अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल आणि ते धरायची हातमूठ झवेरी बाजारात सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात मागा. दोन्ही बाजूंना भोक, मधे पितळी तार, तारेला फेविक्विक आणि प्लास्टिकला सिमेंट.

कुठे थांबायचं

सिमेंट डोळ्यात गेलं तर मॉडेल सोडा. वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा, चोळू नका आणि केईएम, सायन, जे.जे. यांपैकी जवळ असेल त्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. बाटली सोबत न्या, म्हणजे आत काय होतं ते डॉक्टरांना वाचता येईल. कुणी गिळलं तर उलटी करायला लावू नका, १०८ ला फोन करा. डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. बाहेर येऊनही बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. दर वेळी असं होत असेल तर त्या खोलीत सिमेंट वापरणं थांबवा.

एकच जोड तीनदा घासून, उघडून पुन्हा केला असेल तर चौथ्यांदा करू नका. दर खेपेला प्लास्टिक पातळ होतं. अशा वेळी अनुभवी मॉडेल बांधणाऱ्याला दाखवा. भाग तुटला किंवा हरवला असेल तर कंपनीकडे सुटा भाग मिळतो का विचारा, नाहीतर थ्रीडी प्रिंट करून घ्या.

आणि वडिलांनी किंवा आजोबांनी बांधलेलं जुनं मॉडेल असेल, किंवा इमारतीचं अॅक्रिलिकचं मॉडेल असेल, तर यातलं काहीच घरी करून बघू नका. जुन्या प्लास्टिकचं काय झालंय ते वरून कळत नाही. अॅक्रिलिकचे कारागीर जोडायला क्लोरोफॉर्म वापरतात, ते घरात हाताळण्याजोगं नाही. आर्किटेक्टसाठी मॉडेल करणाऱ्यांकडे किंवा अॅक्रिलिकच्या बोर्डांचं काम करणाऱ्यांकडे घेऊन जा. निघालेले तुकडे, अगदी चुराही, डबीत घालून न्या आणि आधी कोणता गोंद लावून पाहिला होता ते सांगा.